कुरडयांच्या उन्हाळ्यातलं चाकांचं टेबल

गव्हाचा चीक शिजायला लागला की त्याचा वास लपत नाही. आज सकाळी शटर अर्धं वर केलं आणि तो आलाच, कोमट, आंबूस. गल्लीत कुणाचा तरी गहू भिजून, वाटून पातेल्यात चढला होता. ऊन अजून कोवळं होतं. समोरच्या गच्चीवर बाज आली, बाजेवर जुनी साडी अंथरली गेली आणि सोऱ्याचा दांडा फिरायला लागला. मी थोडा वेळ तशीच बघत राहिले. मग टेबलाचा दांडा धरला, टेबल स्वतःकडं कलतं केलं आणि दारातून काढून मागच्या भिंतीकडं नेलं. उन्हाळकामं सुरू झाली की आमच्या दुकानात टेबलाची जागा बदलते. पावसाळ्यात, हिवाळ्यात ते दारात असतं, उजेडाला. दिवाळीत गिऱ्हाइकांना आत येता यावं म्हणून खिडकीखाली, आणि चैत्र-वैशाखात पार मागं. आमच्या घरात कॅलेंडर नसलं तरी चालेल.

"लागला का वास?" आतून ह्यांनी विचारलं.

"लागला," मी म्हणाले, आणि दोघंही हसलो. दरवर्षी हे एवढंच बोलणं होतं आणि दरवर्षी त्या एका उन्हाळ्याची आठवण निघते. खरं तर त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं.

दुकान म्हणते खरी, पण ती आमच्या सिडकोतल्या घराची पुढची खोली. एका अंगाची भिंत पाडून शटर बसवलं, वर पाटी लावली, झालं दुकान. आत पलंग जोडायला घेतला तर जोडणाऱ्यानं बाहेर उभं राहायचं. फळ्या भिंतीला टेकवलेल्या, पॉलिशचे डबे माळ्यावर, रंधे आणि पटाश्या दारामागं, आणि उरलेल्या जागेत माणसं. एखादी वस्तू कायमची मध्ये उभी करायची म्हणजे घरातल्या कुणाला तरी बाहेर काढायचं. मोठ्या कारखान्यात यंत्रं जमिनीला आवळलेली असतात आणि माणसं त्यांना वळसा घालून जातात. आमच्याकडं यंत्रालाच माणसाला वाट द्यावी लागते. म्हणून तर चाकं.

आमचे हे मूळचे कन्नड तालुक्यातले. घरची शेती थोरले दीर बघतात. हे शहरात आले ते कंपनीत, पॅकिंगला. यंत्रं पाठवायच्या लाकडी पेट्या ठोकता ठोकता ह्यांना लाकडाचा नाद लागला. मग सुटीच्या दिवशी शहागंजकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं जाऊन बसायला लागले. रंधा कसा धरायचा, रेषा बघून फळी कशी फिरवायची, ते सगळं त्यांनी शिकवलं. मिस्त्री म्हणायचे, "जल्दी नक्को मियां. पैले लकडी कू पूछो, किदर कू जाना है उसकू." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की मला वाटायचं, एखाद्या वेळी बायकोलाही पूछो की.

कंपनी सोडून दुकान टाकलं तेव्हा गावाकडचे लोक हसले. कुणब्याचं पोर नांगर सोडून रंधा मारतंय, म्हणाले. ह्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. गावाकडून पाहुणे आले की त्यांना मुद्दाम सागवानी पाटावर जेवायला बसवायचे, एवढंच. पाहुणा जेवता जेवता पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि हे ताकाचा तांब्या पुढं सरकवत दुसरीकडं बघायचे. माणसाला मिरवायचं असलं की तो किती साधा होऊन बसतो, ते मी ह्यांच्याकडं बघून शिकले. मी स्वतः आतल्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. पुढं ह्यांच्या राउटरची, म्हणजे लाकडाला खाचा मारायच्या यंत्राची घरघर, मागं माझ्या मशीनची कटकट, असा आमचा संसार चाललेला.

तो उन्हाळा फार कडक होता. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. नळाला पाणी काही दिवसांआड यायचं. शहराचं नाव बदललं, पाण्याची पाळी मात्र आहे तशीच राहिली. दुपारी बाराला गल्ली चिडीचूप व्हायची, पत्रा तापून कडकड वाजायचा आणि फळ्यांना हात लावला तर त्याही कोमट लागायच्या. अशा त्या दिवसांत ह्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं, झोपेत हात अवघडला असंल. मग एकदा जेवताना भाकरीचा तुकडा बोटांतून निसटून ताटात पडला. तो आम्ही दोघांनीही बघितला.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबली आहे. रंधा जपून चालेल, पण हादरे देणारं यंत्र हातात धरायचं नाही. आता आमच्या कामात हादरे देणारं यंत्र म्हणजे राउटर. खाली गरगर फिरणारं पातं असलेलं ते यंत्र दोन्ही हातांनी दाबून लाकडावरून चालवायचं. कडेला गोलाई द्यायची असो, काच बसायला खाच मारायची असो, सगळं त्याच्यावर. दिवसभर ते चालवलं की रात्री झोपेतही हात थरथरतात. ज्याच्यावर पोट, तेच हातातून गेलं.

आणि नेमकं तेव्हाच लासूर स्टेशनच्या आण्णांचं काम अंगावर होतं. आण्णा आमचं जुनं गिऱ्हाईक. आडत्या माणूस, तोंडानं फटकळ, मनानं बरा. त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि वैशाखात वास्तुशांती होती. घराच्या सगळ्या खिडक्यांची दारं आमच्याकडं, सागवानी, प्रत्येकाला आतून काचेची खाच आणि बाहेरून गोल कड. लाकूड कापून, रंधून भिंतीला लावून ठेवलेलं. राहिलं होतं ते सगळं राउटरचंच काम. आण्णांच्या कानावर कुठून तरी हाताचं गेलं आणि ते दारात येऊन उभे राहिले.

"हात बरा नसंल तर सांग बाबा. मी दुसऱ्याला देतो. राग मानू नको, पन वास्तूला खिडक्या पायजेत."

"हात बराच हाय आण्णा," हे म्हणाले. "करतो की."

आण्णा गेले. ह्यांनी उजवा हात पाठीमागं धरला होता. तो पुढं घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. ते काम गेलं असतं तर दुकानही गेलं असतं, कारण लाकडात सगळा पैसा अडकून बसला होता. पुतण्यानं वाळूजला वॉचमनच्या जागेचं बोलून ठेवलं होतं. त्या नोकरीची मला लाज नव्हती. आमच्या भावकीतले चांगले चांगले लोक करतात. पण गळ्यात शिट्टी घालून फाटकाशी खुर्चीत बसलेले हे काही केल्या माझ्या डोळ्यांपुढं येईनात.

त्याच पुतण्याच्या मोबाइलवर ह्यांनी कुठल्याशा परक्या देशातल्या माणसाचं एक टेबल बघितलं. त्या माणसानं राउटर उलटा करून टेबलाखाली टांगला होता. टेबलाला मध्ये भोक, भोकातून फक्त पातं वर आलेलं, आणि तो माणूस लाकूडच त्या पात्यावरून ढकलत होता. हे आधी हसले. "यंत्र वटवाघळावानी टांगायचं व्हय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र राउटर पुढ्यात घेऊन उलटा-सुलटा करून बघत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "हाताला धरायला जमत नसंल तर टेबलानं धरावं ते."

आमच्या शहरात उन्हाळ्यात ज्याच्याकडं कूलर नाही तो माणूस बाहेरगावचा समजावा. आमचा जुना कूलर गंजून गेलेला, पण त्याचं लोखंडी स्टँड शाबूत होतं, खाली चार चाकं असलेलं. ह्यांनी त्याच्यावर जुन्या ऑफिस टेबलाची सनमायका लावलेली फळी बसवली. मध्ये चौकोन कापून त्यात बेकलाइटचा जाड तुकडा घातला आणि त्याला खालून राउटर आवळला. काम डाव्या हातानं, उजवा नुसता आधाराला. मी धरायचं काम करत होते. बटण दाबलं आणि सगळं टेबल अंगात आल्यासारखं घुमायला लागलं. त्याच्यावरून काढलेल्या खाचेला लाटा आल्या होत्या. चाकांना विटा लावल्या, गोणपाट कोंबलं, तरी तेच.

"चाकं काढावी तर टेबल हलत नाय," हे कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "अन् ठिवावी तर ऱ्हात नाय."

दोन-तीन दिवस ते स्टँड दुकानाच्या मधोमध अडून बसलं. आम्ही त्याला वळसा घालून जात होतो आणि एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. मग गॅसची टाकी आली. आणणाऱ्यानं ती नेहमीसारखी दारात ठेवली आणि तो गेला. मी ती नेहमीसारखी कलती केली आणि कडेवर फिरवत फिरवत आत न्यायला लागले. एवढ्यात हे ओरडले, "थांब! आगं थांब, तिथंच!"

मला वाटलं, पायाशी साप आहे. पण हे जमिनीवर उकिडवे बसले होते आणि टाकीच्या बुडाकडं बघत होते.

"उभी कर. आता कलती कर. आता परत ने."

मी भरलेली टाकी पुढं नेली, मागं आणली, पुन्हा पुढं नेली. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. हे मात्र खूष. "उभी हाय तवर दगडावानी," म्हणाले. "कलती केली की पोरीवानी चालती!" लग्न झाल्यापासून मी त्या टाक्या फिरवत आलेय. ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मग खरं टेबल झालं. जुन्या सागवानी दरवाजाच्या फळ्यांची पेटी, बूड सपाट, थेट फरशीवर बसणारं. चाकं फक्त एका अंगाला, तीही जमिनीपासून काडीपेटीच्या काडीच्या जाडीइतकी वर. त्याच अंगाला वर धरायला दांडा. टेबल उभं असलं की चाकांचा जमिनीशी संबंधच नाही. दांडा ओढून कलतं केलं की सगळा भार चाकांवर आणि ते मुकाट्यानं मागं येतं. पेटीच्या तळाशी कुणाच्या तरी ओट्यातून उरलेली शहाबादी फरशी घातली, वजनाला. करवत मी चालवली. आयुष्यात पहिल्यांदा. आधी रेघ सोडून गेले, मग रेघेवर आले. घामानं अंग भिजलेलं आणि त्याच्यावर भुसा चिकटलेला. संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं तरी सागवानाचा वास जाईना. मला तो वास चामड्यासारखा वाटतो. हे म्हणतात, तुला नाकच नाय.

टेबलावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला आणि बटण दाबलं. पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उमटली आणि तेवढीच राहिली. एक थेंब सांडला नाही. हे माझ्याकडं बघून नुसते हसले. त्या हसण्यासाठी मी आणखी चार टाक्या फिरवल्या असत्या.

पण टेबल नीट झालं म्हणजे काम नीट झालं असं नसतं. पहिलं लाकूड ह्यांनीच घातलं, मान त्यांचाच होता. इतकी वर्षं राउटर लाकडावर ठेवून डावीकडून उजवीकडं नेलेला. हाताला तीच सवय. तसंच त्यांनी लाकूडही डावीकडून सारलं. आता यंत्र उलटं टांगलं की पात्याचं फिरणंही उलटं होतं, हे डोक्याला कळत होतं, हाताला कळलं नव्हतं. पात्यानं लाकूड पकडलं, ह्यांच्या हातातून हिसकावलं आणि शटरमधून बाहेर भिरकावून दिलं.

बाहेर जोशीकाकूंची बाज होती. जोशीकाकू आमच्या शेजारी. शाळेतून निवृत्त झालेल्या. सासरे निजामाच्या अमलात तहसिलीत कारकून होते, त्यामुळं घरात उर्दू शब्दही भरपूर आणि शिस्तही भरपूर. गुडघ्यांमुळं त्यांना गच्ची चढवत नव्हती म्हणून त्यांच्या कुरडया आमच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत. लाकूड बाजेच्या बरोब्बर मध्ये पडलं. ओल्या कुरडयांची चाळण झाली. उरल्या त्यांच्यावर मागून आमचा भुसा जाऊन बसला.

काकू बाहेर आल्या. आधी त्यांनी ह्यांचे दोन्ही हात बघितले, बोटं जागेवर आहेत ना ते. मग बाजेकडं वळल्या.

"मंगल," त्या मला म्हणाल्या, "ह्या कुरडया लेकीला पाठवायच्या होत्या. आता तिला काय कळवू? यंदा आईनं सागवानाच्या घातल्यात म्हणून?"

मी माफी मागितली. ह्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "हात गेला व्हता, आता अक्कल बी गेली. मोडून टाक ते टेबल. उद्या पुतन्याला फोन करतो."  आमच्याकडं पुरुष असं बोलला की बाईनं गप बसायचं आणि दुसरं काही तरी करायला घ्यायचं, अशी पद्धत आहे. ती वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही. त्यानं दोघांनाही वेळ मिळतो.

मी फॉल लावायला बसले. गिऱ्हाइकाची साडी द्यायची होती. पाय चालत होता, कापड सुईखालून सरकत होतं, आणि मी रागानं भराभर मशीन मारत होते. मध्येच पाय थांबला. मी सुईकडं बघितलं. सुई वर-खाली होत होती, पण जागा सोडत नव्हती. चालत होतं ते कापड.

"इकडं या," मी हाक मारली. "हे बघा. हातानं टाका घालताना कापड थांबतं, सुई चालती. मशीनवर सुई थांबती अन् कापड चालतं. तुम्ही टेबलावर बसून अजून हातानंच शिवताय."

हे आले, माझ्या मशीनपाशी वाकून उभे राहिले. मी शिवत राहिले. ते कापडाकडं बघत होते आणि डाव्या हाताचं बोट हवेत फिरवत होते, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

"उजवीकडनं घालाय पायजे," शेवटी म्हणाले. "पात्याच्या समोर. म्हंजी ते ढकलंल अन् आपन दाबायचं. ते वढनार नाय."

"मग घालते."

"तू?"

"माझ्या हाताला जुनी खोड नाय," मी म्हणाले.

शिकवताना ह्यांचा आवाज अगदी मिस्त्रींसारखा झाला. बोटं पात्यापासून लांब, शेवटचा भाग काठीनं ढकलायचा, ओढायचं नाही, घाई नाही. मी पदर खोचला, केस बांधले, काकूंची बाज आत गेल्याची खात्री केली आणि उजवीकडून पहिलं लाकूड सारलं. पात्याचा आवाज बदलला, मोकळ्या भुणभुणीचा जाड घोगरा झाला. लाकूड हाताला रेटत होतं आणि मी त्याला रेटत होते. कापडाला जसं हलकं धरायचं, पण सोडायचं नाही, तसंच. दुसऱ्या टोकाला ते बाहेर आलं. मी उलटून बघितलं तर खाच ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, कडा कोऱ्या. हे त्यात अंगठा फिरवत गेले. मला अभिमान वाटला. त्याला दुसरा शब्द मी शोधला नाही, आणि आजही शोधत नाही.

काकूंशी मग सावड ठरली. गावाकडं शेतकरी एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबतात, त्याला सावड म्हणतात. काकूंना तो शब्द ठाऊक नव्हता, पण हिशेब लगेच कळला. पहाटे त्यांच्या चिकाचा जड सोऱ्या मी दाबायचा, कारण त्यांच्या मनगटात जोर नव्हता. कुरडयांना वरून कोरड येईपर्यंत आमचं यंत्र बंद. नंतर टेबल मागच्या भिंतीशी आणि शटरला ओली साडी. ती साडी धुण्याच्या उरलेल्या पाण्यात भिजवायची जबाबदारी काकूंची. बाहेर वारा फिरला की त्या ओरडायच्या, "मंगल, बंद कर! हवा पलटली!" भुसा साडीला चिकटायचा आणि दुपारी साडी झटकली की खाली पिवळा ढीग पडायचा. सकाळी गरम चिकाची वाटी माझ्या हातात, वर साखर आणि तुपाचा गोळा, आणि तोंडात चटका. नंतर दिवसभर सागवान. त्या उन्हाळ्यातलं ऊन मला आठवतं ते ह्या दोन वासांमधलं.

एक गोष्ट मात्र मनात सलायची. रस्त्यानं कुणी ओळखीचं दिसलं की हे टेबलापाशी येऊन उभे राहायचे आणि मी आत जायची. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप व्हायचं. लोक म्हणायचे, हात बरा झाला वाटतं, आणि हे म्हणायचे, हाय आपला. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण कुणब्याच्या पोरानं हसणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून कमावलेलं नाव होतं ते. त्या नावातून हात काढून घेतला तर मागं काय उरेल, ही त्यांची भीती मला दिसत होती. खिडक्या वेळेवर झाल्या म्हणजे झालं, असं मी स्वतःला समजावायची. थोडं पटायचं, थोडं नाही.

आजकाल पोरी येतात कधी कधी, टेबल बघायला. कॉलेजात शिकणाऱ्या. मोबाइलवर फोटो काढतात, दांडा ओढून स्वतः कलतं करून बघतात आणि खुशीनं ओरडतात. वरची फळी मी मध्ये बदलली, चाकांना तेल घालत असते. बाकी पेटी तीच. हे शेजारी बसून आखणी करतात, जोडतात, पॉलिश मारतात. उजव्या हाताला अजून कधी कधी मुंग्या येतात. आम्ही दोघं मिळून एक धड सुतार आहोत, असं मी चेष्टेनं म्हणते. ते म्हणतात, दीड. अर्धा कोण ते मी विचारत नाही.

त्या उन्हाळ्यात, वास्तुशांतीच्या आधी आण्णा आले. जीपमधून, सोबत फडक्यात गुंडाळलेला काचेचा तुकडा. माणूस आडत्या, हाताला लागल्याशिवाय मालावर विश्वास ठेवायचा नाही. भिंतीला लावलेल्या खिडक्यांमधली त्यांनी मुद्दाम पार मागची काढली आणि काच खाचेत घातली. ती सरकत गेली, कुठं अडली नाही, कुठं खडखडली नाही. दुसरी काढली. तिसरी काढली. गोल कडेवरून अंगठा फिरवला. मी आतल्या दारात उभी होते, केसांत भुसा. 

"हात बरा झाला म्हन की तुझा," आण्णा ह्यांना म्हणाले. "खोटं कशाला बोलू, आधीपरीस साफ काम हाय हे."

मी लगेच आत वळले. चहा टाकायचं निमित्त होतंच. माझ्याकडं न बघता ह्यांना ते कौतुक घेता यावं, म्हणून गेले. पातेलं घेतलं, पाणी ओतलं. बाहेर आण्णांचा आवाज चालूच होता, "आता आसं कर. देवघर बी तूच कर. बायकोनं जागा दावलीय भिंतीत. माप घे."

 मग चपला वाजल्या. हे स्वयंपाकघरात आले, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि तिथूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आण्णा, हात नाय बरा झाला माझा. खाचा हिच्या हायेत, एकूनएक. माप हिला सांगा. च्या मी टाकतो."

मी बाहेर आले. मान आपोआप वर होती. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग टेबलाकडं, मग पुन्हा माझ्या केसांतल्या भुशाकडं. काच फडक्यात गुंडाळली. खुर्ची ओढून बसले आणि घसा साफ केला.

"सूनबाई, भिंतीतली जागा दोन हाताला थोडी कमी हाय. रुंदी किती धरायची म्हंता?"

मी फळीचा तुकडा पुढं ओढला आणि पेन्सिल घेतली. आतून हे ओरडले, "आगं, साखर कुठं हाय?"

"वरच्या फळीवर," मी मान वर न करता सांगितलं, आणि रुंदी लिहून घेतली.